आमगावचा मुन्नालाल

बिसरामभाऊंची व्हॅन आठला यायची होती. मी सहालाच तयार होऊन ओट्यावर बसले. दार दोनदा ओढून पाहिलं, गॅस तीनदा. घरातून निघताना कुणाला तरी ‘येते गं’ म्हणायची सवय असते. म्हणायला कुणी उरलं नाही की माणूस गॅस तपासत बसतो.

पिशवीत चिवडा, पाण्याची बाटली आणि गुडघ्याच्या गोळ्या होत्या. बटव्यात चिठ्ठी आणि तिच्यात गुंडाळलेली शंभराची नोट. चिठ्ठीवर तीन नावं लिहिली होती. निर्मला, रुख्मा, पुष्पा. खाली, मुक्काम आमगाव. हात थरथरतो हल्ली, म्हणून चार कागद वाया गेले. पाचव्यावर अक्षर जरा बरं उतरलं.

गाडी आली. बिसरामभाऊ म्हणजे रुख्माचे यजमान. अडतीस वर्षं एसटी चालवली त्यांनी. निवृत्तीच्या पैशातून ही जुनी व्हॅन घेतली ती रुख्माला नागपूरच्या दवाखान्यात न्यायला-आणायला. रुख्मा श्रावणात गेली. गाडी राहिली. पुढच्या सीटवर तिची पाठीला लावायची उशी अजून तशीच होती, फुलाफुलांच्या खोळीची.

मागे पुष्पा आधीच बसलेली. मीही मागेच चढले.

“पुढं बसा ना वो कोनी,” भाऊ म्हणाले. “मी एकटाच बसू का पुढं?”

“मले मागंच बरं,” पुष्पा म्हणाली. तिला प्रश्न ऐकू आला नसावा, पण त्यांचा हात उशीकडे गेलेला तिनं पाहिला होता. पुष्पाला डाव्या कानानं काहीच ऐकू येत नाही आणि उजव्यानं थोडंसं. मुलानं चांगलं महागाचं मशीन घेऊन दिलंय. ते ती पर्समध्ये ठेवते. सेल संपतात म्हणे.

आम्ही चिचटोल्याच्या मंडईला निघालो होतो. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. बाजार भरतो, माहेरवाशिणी येतात, उकडलेले शिंगाडे आणि गुळाची जिलबी खाल्ली जाते, आणि दुपारी मांडवात खडी गंमत होते. ढोलकी, डफ, तुणतुणं आणि उभं राहून म्हटलेली गाणी. त्या दिवशी चिचटोल्याला धनवंताबाईंचा सत्कार होता. सत्कारानंतर त्या तीन गाणी म्हणणार होत्या, आणि मग कायमचं थांबणार होत्या. वय अठ्ठ्याहत्तर.

गाडी देवरीच्या रस्त्याला लागली. लवकर येणारा हलका धान कापून शेताच्या बांधीत पसरलेला, उशिराचा भारी धान अजून उभा, पिवळा. दव होतं. बिसरामभाऊंची गाडी प्रत्येक गावच्या थांब्यावर आपोआप हळू व्हायची. पिंपळाखाली दोन माणसं उभी दिसली की पार थांबायलाच यायची.

“काऊन थांबून राहिले जी? कोनी चढून राहिलं का?” पुष्पा ओरडली. ऐकू न येणाऱ्या माणसासारखीच ती मोठ्यानं बोलते.

“सवय हाये बाई. थांब्यावर मानूस दिसला का पाय ब्रेकवर जाते.”

“मंग तिकिटं पन फाडा!”

भाऊ हसले. खूप दिवसांनी हसले असावेत, कारण हसून झाल्यावर त्यांना खोकला आला. मग आरशातून माझ्याकडे पाहत म्हणाले, “निर्मलाबाई, रुख्माचं नाव खरंच येनार हाये ना मायकावर?”

“येणार. मी फोन केला होता. लाऊडस्पीकरवर नाव घ्यायचं कबूल केलंय त्यांनी.”

“मोबाइलमधी घेतो मी. पोराले पाठवतो.” त्यांनी गिअर बदलला. “दरसाल मंडईले जायाची ती तुमच्यासंगं. मले कधी ये म्हनलं नाई. मी म्हनो, जाऊ दे, बायाबायाइचं असन काही.”

बायाबायांचंच होतं. आणि रुख्मानं पंचेचाळीसेक वर्षांच्या संसारात ते यांना सांगितलं नव्हतं, म्हणून मीही बाहेर बघत राहिले.

ते सांगते आता.

मी एकोणीस वर्षांची होते, रुख्मा आणि पुष्पा अठरा-अठरा. रुख्माच्या मामाच्या रेंगीत बसून आम्ही मंडईला गेलो. दोन बैलांची लहानशी गाडी, मध्ये भाताचं तणस अंथरलेलं. त्या काळी खडी गंमतीत बायकांची कामं पुरुष लुगडी नेसून करायचे. बाई स्वतः उभी राहून गाते म्हटल्यावर माणसं झाडावर चढून बसली होती. धनवंताबाई सालेकशाकडच्या. काळ्यासावळ्या, उंच, पायात चप्पल नाही. त्यांनी तोंड उघडलं आणि पुष्पाच्या हातातले शिंगाडे खाली सांडले.

ते गाणं बोडीचं होतं. बोडी म्हणजे आमच्या शेताकडचं लहान तळं, पारी म्हणजे त्याचा बांध.

‘बोडीच्या पारीवर उभं कोन, नाव इचारू कशी मी.’

दोनच ओळी फिरून फिरून यायच्या, पण प्रत्येक वेळी ‘कशी मी’वर आवाज वेगळ्याच ठिकाणी जाऊन बसायचा.

गाणं आवडलं की बक्षीस द्यायचं ही रीत. पैसे चिठ्ठीत गुंडाळून पाठवायचे, मग गाणं थांबवून मायकावर नाव वाचलं जायचं. अमक्या गावचे अमके पाटील यांच्याकडून एक रुपया, आणि गाणाऱ्यानं त्या बाजूला वळून मुजरा करायचा. नावाशिवाय बक्षीस नाही. आणि नाव पुरुषाचं. बाईचं नाव मायकावर वाचलं असतं तर तिच्या बापाला गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती. बापाचं नाव टाकलं तरी तेच. पोरी कोणाला पैसे देत फिरतात म्हणून.

आमच्याजवळ तिघींचा मिळून एक रुपया होता. बांगड्यांचा.

“नाव बनवू ना एखादं,” रुख्मा म्हणाली. “असं, का कोनी इचाराले नाई जानार.”

आमगावात रेल्वेमुळे बाहेरून आलेले व्यापारी पुष्कळ. कोण कधी आला, कोण गेला, कुणाला ठाऊक? त्यात एखादा मुन्नालाल नसेलच असं कोण छातीठोक सांगणार? अक्षर माझं बरं, म्हणून चिठ्ठी मी लिहिली. नेऊन दिली सुशीलाबाई कासारणीनं. ती बांगड्यांची पेटी घेऊन बायकांतून पुरुषांत आणि पुरुषांतून मंचापर्यंत बिनधास्त फिरायची, तिला कोण अडवणार? आणि मायकावर आलं, ‘आमगावचे मुन्नालाल यांच्याकडून एक रुपया.’ धनवंताबाई पुरुषांच्या बाजूला वळल्या, वाकल्या, आणि बोडीचं गाणं त्यांनी पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. रुख्मानं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी.

मग आमची लग्नं झाली. जवळपासच्याच गावांत, आणि पुढे तिघीही आमगावलाच राहायला आलो. पण मंडई चुकवली नाही. धनवंताबाईंची गाण्याची पार्टी जिथे असेल तिथे तिघींपैकी कुणीतरी पोचायचं, सुशीलाबाईला शोधायचं, चिठ्ठी द्यायची. अकरा वर्षं. मुन्नालालचं नाव आलं की धनवंताबाई आपण होऊन बोडीचं गाणं धरायच्या. आमच्यात मुन्नालाल घरच्या माणसासारखा झाला होता. रुख्माचं सासूशी भांडण झालं की ती म्हणायची, “जातो मी मुन्नालालकडं निंघून.” माझे हे गेले तेव्हा तेराव्याच्या दिवशी रुख्मा कानाशी लागून म्हणाली, “मुन्नालाल आला नाई वो भेटाले. काही कामाचा नाई तो बी.” त्या दिवशी मला हसवणारी ती एकटी.

नंतर सुशीलाबाई वारली. गावात व्हिडिओ आले, पार्ट्या मोडल्या. धनवंताबाई बहिणीकडे छत्तीसगडात गेल्याचं कानावर आलं.

आषाढात रुख्मा खाटेवर होती तेव्हा एकदा म्हणाली, “मुन्नालालनं लई नाव कमावलं वो आपल्या जिवावर. एक डाव आपलं नाव आलं पायजे मायकावर. मी नाई राहिली तरी टाकजो.” मी टाकते म्हटलं. आजारी माणसाला आपण काय काय कबूल करतो. दसऱ्यानंतर मोबाइलवर चिचटोल्याचं पत्रक आलं, धनवंताबाईंचा फोटो असलेलं.

पत्रकावरच्या नंबरला फोन लावला. भूपेंद्र नावाचा तरुण मायकावर बोलणार होता. तो म्हणाला, “काकू, बाईंचा दम पुरत नाही, म्हणून बक्षिसाचं एकच नाव वाचणार. बाकी सगळी पाकिटं पेटीत. नावं वाचत बसलो तर अंधार पडेल.” मी त्याला सांगितलं, आम्ही आमगाववरून येतोय, पन्नास वर्षांपासून ऐकतोय. तो म्हणाला, “मग ते एक तुमचं. बोडीचंच गाणं ना?”

देवरीनंतर हायवे लागला. ट्रकमागून ट्रक. एका ढाब्यावर चहा घेतला. पुष्पानं चिठ्ठी पाहायला मागितली, चष्मा लावून वाचली, आणि परत दिली.

“माझं नाव कायले टाकलं? बाजूच्याच गावात लेकीचं सासर हाये. याही-बिही आले असन मंडईत. ते म्हनतीन, बुडी या वयात बक्षिसं देऊन राहिली.”

“खोडू का मग?”

तिनं चहाच्या ग्लासात पाहिलं. “आता लिवलं तं लिवलं. कागद कायले खराब करतेस.”

चिचटोल्याला पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. गाडी शेताच्या धुऱ्यावर लावावी लागली. बाजार गजबजलेला, पण मला त्यात कुणी ओळखीचं दिसलं नाही. पूर्वी मंडईत दहा पावलं चालायला तास लागायचा. हिची विचारपूस, तिची गळाभेट. आता मी सरळ चालत गेले आणि दोन मिनिटांत दुसऱ्या टोकाला पोचले.

पुष्पाला आणि भाऊंना मांडवात बसवलं. दोराच्या इकडे बाया, तिकडे माणसं. ते अजून तसंच आहे. धनवंताबाई सरपंचाच्या घरी उतरल्यात असं कळलं, म्हणून मी तिकडे गेले. माझं ठरलं होतं. चिठ्ठी भूपेंद्रकडे देण्याआधी त्यांना भेटायचं, सांगायचं, बाई, तो मुन्नालाल म्हणजे आम्ही. त्या हसतील. रुख्माचं नाव सांगेन, तर डोळे पुसतील. मग मायकावरून आमची नावं येतील तेव्हा त्या बायकांच्या बाजूला वळतील. पहिल्यांदा. हे मी इतक्यांदा मनात घोकलं होतं की ते झाल्यासारखंच वाटत होतं.

त्या ओसरीत खुर्चीवर बसल्या होत्या. सत्काराचं हिरवं लुगडं, केस पांढरेशुभ्र. शेजारी भाची रीना त्यांच्या गुडघ्याला मलम चोळत होती. मी पाया पडले.

“बस वो माय. कोनतं गाव?”

“आमगाव.”

त्यांनी रीनाचा हात धरून थांबवला. “आमगावचे मुन्नालाल माहीत हायेत का तुमाले?”

माझा हात बटव्यात होता. चिठ्ठी बोटांना लागत होती.

“कोण मुन्नालाल?” मी म्हणाले. का म्हणाले, कोण जाणे. गोष्ट त्यांच्या तोंडून ऐकायची हाव सुटली असेल.

“झालं सुरू,” रीना म्हणाली. “बाई, आमगावचं माणूस दिसलं की आत्याचं हेच. मी स्वतः दोघातिघांना विचारलं. सगळे म्हणतात, असा कोणी नव्हताच.”

“नव्हता तं बक्षीस काय भुतानं पाठवलं? अकरा साल? तू चूप बस.” मग माझ्याकडे वळून त्या सांगू लागल्या. आवाज खरखरीत झाला होता, पण बोलता बोलता खाली उतरला की तोच. “तुमी बायाच. तुमाले सांगाले काय लाज. त्या टायमाले रुपया देनारा मानूस रुपयाचं वसूल कराले मागं कनातीत येत होता. मी दिलं, मी दिलं. कोनी हात धरो, कोनी जेवाले चल म्हनो. मी बोरीची काठी ठेवो जवळ. आन एक हा मानूस. दरसाल नाव येवो, मानूस येत नोहता. मी पाहत जावो पुरुषाइकडं, कोनता असन? टोपीवाला असन का पागोट्यावाला? मंग मीच त्याले एक तोंड देऊन टाकलं मनात.”

“लग्न केलं नाहीत तुम्ही?” मी विचारलं.

“त्याच्यापायी नाई केलं असं नोको समजू!” त्या हसल्या. पुढचे दोन दात नव्हते. “जमलं नाई, नाई केलं. पन मानसाइचा लई राग येवो ना, का मनात म्हनो, नाई, एक हाये. आमगावात एक हाये चांगला. तेवढ्यावर गेले पाहा साल.”

रीना मलम विसरून आत्याकडे बघत होती. हे तिनंही पूर्वी ऐकलं नसावं.

“जित्ते हायेत का ते?” धनवंताबाईंनी विचारलं.

ओसरीपुढे कोंबडी पिलं घेऊन फिरत होती. मी तिच्याकडे पाहत राहिले. जित्ते कुठले? रुख्मा गेली, पुष्पा बहिरी झाली, उरले मी. मला फक्त खरं बोलायचं होतं, आणि खरं बोललं की माझं काम झालं असतं. रुख्माचं झालं असतं. पण समोर अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई बसली होती आणि तिच्या आयुष्यातला एकुलता एक चांगला पुरुष माझ्या बटव्यात होता.

“हायेत,” मी म्हणाले.

“मंग आज आले असतीन?”

“आले असतील. पुढं यायची सवय नाही त्यांना.”

“तेच!” त्यांनी रीनाच्या खांद्यावर थाप मारली. “आयकलं का? तसेच होते ते.”

मांडवामागे भूपेंद्र सापडला. त्याच्याकडून पेन घेतलं, पानठेल्यावरून वर्तमानपत्राचा कोरा काठ फाडून घेतला. चारी नावं एकत्र टाकावीत असंही मनात येऊन गेलं. पण मग त्यांनी पुरुषांच्या बाजूला कशाला पाहिलं असतं? तीन बायकांच्या रांगेत बसवलेला मुन्नालाल त्यांच्यासारख्या बाईला एका क्षणात कळला असता. मी लिहिलं. श्री. मुन्नालाल, आमगाव. हे नाव लिहिताना मात्र हात थरथरला नाही.

भूपेंद्रनं वाचलं. “काकू, तुमचं नाव टाका ना. आता लेडीजचीही घेतो आम्ही. उलट बरं दिसते.”

“नको. हेच.”

“मिस्टर आहेत का?”

“ओळखीचे आहेत,” मी म्हणाले.

परत येऊन पुष्पाशेजारी बसले. तिनं लुगडं ठाकठीक केलं होतं, आणि कानात मशीन लावलं होतं. ते चमकत होतं. “पुष्पे,” मी म्हटलं, “जरा ऐक,” पण तेवढ्यात ढोलकी सुरू झाली. मशीनमुळे तिला ढोलकीच मोठी येत होती. तिनं हातानंच नंतर म्हणून खुणावलं.

सत्कार झाला. शाल, नारळ, भाषणं. मग धनवंताबाई रीनाच्या आधारानं उभ्या राहिल्या. पहिली दोन गाणी झाली. आवाज वरच्या सुरांना पोचत नव्हता, त्या ठिकाणी त्या नुसता हात वर करायच्या आणि लोक तो सूर ओळखून घ्यायचे. भूपेंद्र मायकाजवळ आला. “आता बक्षिसाचं गाणं. आमगाववरून...”

पुष्पानं माझा हात धरला. घट्ट. दोराच्या पलीकडे बिसरामभाऊ उठून उभे राहिले, मोबाइल दोन्ही हातांनी डोक्यावर धरून, पोराला पाठवायला.

“...आमगाववरून श्री. मुन्नालाल यांच्याकडून, शंभर रुपये.”

पुष्पाचा हात सुटला.

धनवंताबाई पुरुषांच्या बाजूला वळल्या. एवढ्या बसलेल्या माणसांत एकच माणूस उभा होता. उंच, पांढऱ्या सदऱ्यातला, डोळे विस्फारून मायकाकडे बघणारा, कारण त्याच्या बायकोचं नाव यायचं होतं आणि आलं नव्हतं. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. मग रीनाचा हात बाजूला करून, आधार न घेता, त्यांनी दोन्ही हात जोडले आणि पार कमरेतून वाकल्या. भाऊंनी गोंधळून मोबाइल खाली केला, इकडेतिकडे पाहिलं, आणि त्यांनीही हात जोडले.

मग बोडीचं गाणं झालं. त्याबद्दल मी लिहू शकणार नाही. एवढंच की ‘कशी मी’वर आवाज जिथे पूर्वी जाऊन बसायचा, तिथे तो गेला. सगळं गाणं त्यांनी एकाच दिशेला तोंड करून म्हटलं. आमच्या बाजूला त्यांनी एकदाही पाहिलं नाही. पाहण्यासारखं काही नव्हतंच तिथे.

गाणं संपायच्या आधीच पुष्पानं कानातलं मशीन काढून पर्समध्ये ठेवलं.

आम्ही परत निघालो. चिवड्याचा डबा तसाच राहिला. देवरी सोडल्यावर रस्त्यावरचे थांबे येत होते, माणसंही उभी होती, पण गाडी हळू झाली नाही.

“नाव नाई आलं वाटते रुख्माचं,” बऱ्याच वेळानं भाऊ म्हणाले.

“नाही आलं.”

“चिठ्ठी गहाळ झाली असन. एवढ्या गर्दीत होते.”

त्यांनीच वाट करून दिली. मी त्या वाटेनं गेले. “झाली असेल,” म्हणाले. सांगायला हवं होतं का? पुष्पाला सांगायचं तर ओरडून सांगावं लागलं असतं, आणि ते पुढे ऐकू गेलं असतं. रुख्मानं जे नवऱ्याला जन्मभर सांगितलं नाही, ते मी तिच्या उशीमागे बसून कसं सांगू?

“पन त्या बाईनं मले हात कायले जोडले वो?” भाऊंनी विचारलं. “मी बी जोडले मंग. बाईमानूस वाकते आन आपन ठोंब्यासारखं उभं, बरं दिसत नाई.”

“ओळखीचं कुणी वाटलं असेल तिला.”

“असन. फोनमधी गानं तरी आलं हाये समदं. रुख्माले लई आवडे ते. घरात भांडे घासता घासता म्हनत जाये.” मग स्वतःशीच त्यांनी ती ओळ गुणगुणली, बेसूर, आणि अर्ध्यावर सोडली.

आमगावात दिवेलागण झाली होती. पुष्पाचं घर आधी येतं. ती उतरली, पिशवी घेतली, दोन पावलं गेली आणि परत खिडकीशी आली. मला वाटलं ओरडेल. पण ती हळू बोलली. इतक्या हळू बोलताना मी तिला कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

“मी मशीन लावली होती वो, निर्मला.”

आणि गेली. मागे बोललेलं तिला ऐकू येत नाही.

घरी येऊन कुलूप काढलं. गॅस बंद होता. दिवा लावला, पाय धुतले, पलंगावर बसून बटव्यातली चिठ्ठी काढली. पाचव्या कागदावरची. अक्षर खरंच बरं आलं होतं. मी ती एकदा मोठ्यानं वाचली, मायकावर वाचतात तशी, थांबून थांबून. आमगाववरून, निर्मला, रुख्मा, पुष्पा यांच्याकडून.

भिंतीपलीकडून शेजारच्या मंजूचा आवाज आला. “काकू, कोनी आलं का वो घरी?”

“कोनी नाई,” मी म्हणाले, आणि दिवा लहान केला.